पाहुणा, साहेब आणि वाटाड्या : मराठी वनलेखनातील विहाराचा प्रश्न

मराठीत रानावर जे लिहिले गेले आहे ते वाचताना क्रियापदांकडे पाहावे, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. लेखक रानात हिंडतो, भटकतो, रमतो. वनाधिकारी फिरती करतो, गस्त घालतो, मुक्काम ठोकतो. आणि रानातच ज्याचे घर आहे तो माणूस? तो मोहाला जातो, डिंकाला जातो, लाकडाला जातो, गुरांमागे जातो. त्याच्या जाण्याला बहुधा एक 'ला' चिकटलेला असतो. हा प्रत्यय मोठा बोलका आहे. तो माणसाच्या हातात टोपली देतो, विळा देतो, आणि कामाशिवाय त्याला रानात पाऊल टाकू देत नाही. विनाकारण रानात जाण्याची मुभा आपल्या वाङ्मयाने जवळजवळ फक्त बाहेरून येणाऱ्याला दिली. प्रस्तुत लेख या मुभेविषयी आहे.

विषय केवळ वाङ्मयीन नाही. कास पठाराचे नाव २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले आणि फुलांच्या हंगामात तिथे गाड्यांच्या रांगा लागल्या. मग दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, कुंपण आले, आणि गुरे चरायची थांबल्याने फुलांवरच परिणाम होतो की काय अशी चर्चा होऊन ते कुंपण काढावेही लागले. भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला गर्दी लोटते. काजवा उजेडाने जोडीदार शोधतो आणि पाहणारे त्याच्यावर गाडीचे दिवे मारतात. अशा प्रत्येक ठिकाणी 'संवर्धन आणि पर्यटन यांचा समतोल' हे शब्द ऐकू येतात. समतोल म्हटले की तराजू आला, आणि तराजूला पारडी दोनच. एकात वन्यजीव, दुसऱ्यात पर्यटक. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला कोणत्या पारड्यात बसवायचे हे ठरत नाही, म्हणून त्याला बहुधा 'स्थानिकांना रोजगार' या शब्दांत गुंडाळून पर्यटकाच्या पारड्यात टाकतात. ही मांडणी कोठून आली, असा प्रश्न मला पडतो. माझे म्हणणे असे की ती सरकारी कागदाआधी आपल्या वाचनात तयार झाली होती.

मी हे खांडबाऱ्यात बसून लिहितो आहे. सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे, नवापूर तालुक्यातले हे गाव. एका अंगाला डांगाकडची झाडी. दुसऱ्या अंगाला, तापी ओलांडली की, सातपुड्याच्या रांगा. आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, पण मराठी वाङ्मयाच्या नकाशावर तो अजून नीट उमटलेला नाही. नागझिरा, नवेगाव, मेळघाट या पूर्वेकडच्या जंगलांना मोठे लेखक लाभले. सह्याद्रीला गडकरी भटके लाभले, गो. नी. दांडेकरांपासून 'डोंगरयात्रा' लिहिणाऱ्या आनंद पाळंद्यांपर्यंत त्यांची मोठी परंपरा आहे. सातपुड्याचे हे पश्चिम टोक मात्र मराठी वाचकाला भेटते ते दोनच वाटांनी: शिकारीच्या नोंदींतून आणि नर्मदा परिक्रमेच्या वर्णनांतून. दोन्ही वाटा बाहेरून आत येणाऱ्या माणसाच्या आहेत.

शिकारीपासून सुरुवात करतो, कारण खानदेशात रानाकडे करमणुकीचे स्थळ म्हणून पाहणारी पहिली लेखी नजर तीच आहे. जेम्स आउट्राम १८२५ साली भिल्ल पलटण उभारायला खानदेशात आला. पुढच्या दहाएक वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मारलेल्या वाघांची संख्या त्याच्या चरित्रात दोनशेच्या घरात दिली आहे. या नोंदीकडे आपण आज हळहळत पाहतो, ते योग्यच आहे. पण माझे लक्ष वाघांपेक्षा हाकाऱ्यांकडे जाते. वाघाच्या मागावर पायी जाणारे, झाडावर चढून तो कोठे दबा धरून आहे ते सांगणारे, हाकारे करणारे सगळे भिल्ल. साहेबाची करमणूक आणि भिल्लाचे काम, दोन्ही एकाच रानात, एकाच वेळी, एकाच वाघावर. पुढे बंदूक गेली आणि कॅमेरा आला, मचाण गेले आणि जिप्सी आली. पण त्या जिप्सीत पुढच्या सीटवर बसून पंजाचा ठसा दाखवणारा गाइड त्या हाकाऱ्याचाच वारस आहे. फरक मी लहान मानत नाही. आज वाघ जिवंत राहतो, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. श्रमाची आणि आनंदाची वाटणी मात्र जशीच्या तशी राहिली आहे.

परिक्रमेचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आणि मला अधिक मोलाचे वाटते. नर्मदेची परिक्रमा करणारा दक्षिण तटाने निघाला की त्याला शूलपाणीची झाडी लागते. आजच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांचा नर्मदाकाठ हा त्या झाडीचाच भाग. मराठीत या यात्रेवर विपुल लिहिले गेले आहे: गोनीदांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा', जगन्नाथ कुंटे यांचे 'नर्मदे हर हर', भारती ठाकूर यांचे 'नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा' आणि त्यांच्या मागून आलेली कितीतरी अनुभवकथने. या सगळ्या प्रकारात एक प्रसंग ठरलेला असतो. तो लेखकाच्या वाट्याला आला नाही तर त्याने ऐकलेला तरी असतो. झाडीत 'मामा' भेटतात, म्हणजे नर्मदामाईचे भाऊ, म्हणजे भिल्ल. ते परिक्रमावाशाजवळचे सारे काढून घेतात, लंगोटीवर सोडतात. लेखक हा प्रसंग वैराग्याची कसोटी म्हणून वाचतो: माईनेच भावांकरवी मोह काढून घेतला. कथनाच्या दृष्टीने ही व्याख्या सुंदर आहे आणि तिने या लुटीतला द्वेष काढून टाकला, हे तिचे मोठेपण.

तरी लुटणाऱ्याच्या बाजूने हा प्रसंग कसा दिसत असेल हा प्रश्न मी वाचलेल्या वर्णनांत फारसा कोठे विचारला जात नाही. मामांना नाव नसते, त्यांची भाषा लेखकाला कळत नसते, ते झाडीतून येतात आणि झाडीत जातात. माझे वाचन असे: त्या झाडीत शिरणाऱ्या पाहुण्याने तिथल्या रहिवाशाला थेट दिलेले ते एकमेव प्रवेशशुल्क होते. पावती नव्हती, दर ठरलेला नव्हता, भीतीचे सावट होते. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आत येणाऱ्याने काहीतरी उतरवून ठेवायचे आणि ते कोणाला द्यायचे हे आतल्या माणसाने ठरवायचे, ही रचना त्यात होती. आजच्या अभयारण्याच्या फाटकावर शुल्क आहे, पावती आहे, सभ्यता आहे. आतला माणूस मात्र त्या व्यवहारात घेणारा उरलेला नाही.

सरदार सरोवराच्या पाण्याने ही झाडीच बुडवली. महाराष्ट्रातली अक्राणी-अक्कलकुव्यातली तेहतीस गावे बुडितात आली. परिक्रमावासी आता बहुतांशी शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा अशा डांबरी वाटेने जातात, आणि मामांचा प्रसंग ऐकीव आठवण होत चालला आहे. ज्या धरणाने ते रान पाण्याखाली घातले त्याच्याच पायथ्याशी केवडियाला ३१ ऑक्टोबर २०१८ पासून उंच पुतळा आहे आणि त्याच्या आवारात 'जंगल सफारी' नावाचे प्राणिसंग्रहालय आहे. आमच्या भागातल्या शाळांच्या सहली तिकडे जातात. रान बुडवून सफारी उभी राहते, यावर मराठीत एखादी मोठी उपरोधिका यायला हवी होती. ती आलेली माझ्या पाहण्यात नाही.

आता ज्यांना मराठी वनलेखनाचे मानदंड मानतात त्या दोन लेखकांकडे वळतो. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' हे छोटे पुस्तक मी पुनःपुन्हा वाचतो. जंगलात राहायचे, पाहायचे, रेखाटायचे, टिपायचे. त्यापलीकडे त्या मुक्कामाला हेतू नाही, आणि हेच त्या गद्याचे सामर्थ्य आहे. शिकारीची पार्श्वभूमी असलेला माणूस बंदूक ठेवून बसला की त्याची नजर किती सावध आणि किती निर्मोही होते, याचा तो दाखला आहे. त्याच नजरेतून पुढे वानरांच्या टोळ्यांवरची 'सत्तांतर' ही कादंबरिका आली, जिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माडगूळकरांनी मराठीला रिकामटेकडेपणाने रानात बसण्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. 'रिकामटेकडेपणा' हा शब्द मी आदराने वापरतो आहे. 'बनगरवाडी' लिहिणाऱ्या या लेखकाला माणसे दिसत नव्हती असे कोण म्हणेल? पण अभयारण्यात शिरताना त्यांनी माणसांचे जग बाहेर ठेवले. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले होते. आत जे होते ते जनावरांचे राज्य, आणि माणूस तिथे पाहुणा.

माणूस पाहुणा, ही कल्पना अमेरिकेच्या १९६४ च्या वन्यभूमी कायद्याने व्याख्येतच घालून ठेवली: वन्यभूमी ती, जिथे माणूस येतो पण राहत नाही. या कल्पनेवर रामचंद्र गुहांनी १९८९ साली एका गाजलेल्या निबंधात आक्षेप घेतला, की भारतासारख्या दाट वस्तीच्या देशात ती लावली तर तिचा भार गरिबांवर पडतो आणि लाभ श्रीमंत पर्यटकाला होतो. मी त्यात भाषेच्या अंगाने थोडी भर घालू इच्छितो. 'वन्यभूमी' हा शब्द मराठीत शासकीय भाषांतराच्या वासाचा आहे, कारण ती संकल्पनाच आपल्याकडे नव्हती. आपल्याकडे 'रान' आहे. देशावर 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय. रान म्हणजे पिकाखालची जमीनही, पडीकही, झाडीही. जी भाषा शेताला आणि जंगलाला एकच शब्द वापरते तिने माणूस आणि अरण्य यांच्यात कुंपण घातलेले नव्हते. ते कुंपण आपण पुढे आणले, आधी कायद्यात आणि मग ललित गद्यात.

मारुती चितमपल्ली यांच्याविषयी लिहिताना जपून लिहायला हवे. जून २०२५ मध्ये ते गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती, आणि 'अरण्यऋषी' या विशेषणाखाली त्यांचे लेखन झाकले जाण्याचा धोका आहे. ते ऋषी नव्हते, वनखात्यातले अधिकारी होते, आणि त्यांच्या लेखनातला सगळा ताण याच वस्तुस्थितीतून येतो. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'चकवाचांदण' ही पुस्तके ज्याला सरकारने जंगल राखायला पाठवले आणि जो जंगल वाचायला बसला, त्या माणसाची आहेत. साहेब असूनही ते शिकत राहिले, कोणाकडून शिकलो तेही सांगत राहिले. आदिवासींच्या, पारध्यांच्या, कोळ्यांच्या तोंडचे शब्द त्यांनी ज्या निष्ठेने वेचले, ती निष्ठा विद्यापीठांतही दुर्मीळ आहे.

पण हे शिकणे पाहा. त्यांच्या पानांत आदिवासी येतो तो बहुधा जाणकार म्हणून: कोणत्या झाडाची साल कशावर चालते, कोणता पक्षी कोणत्या महिन्यात घरटे करतो, हे सांगणारा. ही जाण खरी आहे आणि तिचा मान राखणेही खरे आहे. तरी ती पुन्हा उपयोगाचीच जाण ठरते. टोपलीच्या जागी माहिती आली, एवढाच बदल. संध्याकाळी बांधावर नुसता बसलेला, पाखरांच्या थव्याकडे काही मिळवायचे नसताना पाहणारा रहिवासी त्यांच्या लेखनात जो लख्ख दिसतो, तो म्हणजे नवेगावबांधचे माधवराव पाटील. अपवाद म्हणून तो महत्त्वाचा. आणि तो अपवाद पाटील आहे, मजूर नाही. विहाराला फुरसत लागते आणि फुरसत जमिनीवरच्या मालकीतून येते, हे चितमपल्लींनी कोठे सिद्धान्त म्हणून मांडले नसेल, पण त्यांच्या पुस्तकांनी ते दाखवून दिले आहे.

इथे एक योगायोग नोंदवतो. जानेवारी २००६ मध्ये सोलापूरच्या एकोणऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष चितमपल्ली होते. मराठी साहित्याने अरण्याला व्यासपीठ दिले ते वर्ष. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने वनहक्क कायदा संमत केला. हे दोन प्रसंग एकाच वर्षात घडले, आणि मराठी समीक्षेने त्यांना एकत्र वाचलेले मला आढळले नाही. व्यासपीठावर कोण असते आणि खाली कोण बसते, या विषयावर आमच्याच जिल्ह्यातल्या वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आहे. 'गोधड' हा त्यांचा संग्रह १९८७ चा. संमेलनाच्या एकोणीस वर्षे आधीची ही तक्रार होती.

कायदे मी वकील म्हणून वाचत नाही, मजकूर म्हणून वाचतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात राखीव वनात अतिक्रमण करणे आणि गुरे चारणे हे एकाच ओळीत अपराध म्हणून बसले आहेत. म्हणजे नुसते आत शिरणे हाच अपराध. का शिरलात हा नंतरचा प्रश्न. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम अधिक उदार आहे. अभयारण्यात प्रवेशाची परवानगी कोणत्या कारणांसाठी द्यावी हे त्याचे अठ्ठाविसावे कलम सांगते: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. ही यादी वाचताना मला आपल्या वनलेखनाची अनुक्रमणिका वाचल्यासारखे वाटते. अभ्यासक आहे, छायाचित्रकार आहे, प्रवासी आहे. आत राहणारा माणूस आहे, पण शेवटी, ज्याच्याशी कोणाचा तरी व्यवहार आहे असा.

२००६ च्या कायद्याने रहिवाशाला मध्यभागी आणले. गौण वनोपजावर मालकी, चराई, मासे, जैवविविधतेपर्यंत पोचण्याचा अधिकार, सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन: हक्कांची ही यादी मोठी आहे आणि तिच्यामागे दीर्घ लढा आहे. तिची किंमत कमी करावी असा माझा हेतू नाही. तरीही तिचे व्याकरण पुन्हा त्याच 'ला'चे आहे. मोहाला, तेंदूला, चाऱ्याला, माशाला. शिकार वगळता इतर पारंपरिक हक्कही त्यात धरले आहेत. त्या फटीत कदाचित देवाला जाणे, नाचायला जाणे, नुसते जाणे बसू शकेल. नॉर्वेने १९५७ साली मोकळ्या भूमीवर हिंडण्याचा सर्वांचा हक्क कायद्यात लिहिला, स्कॉटलंडने २००३ साली जबाबदारीने वावरण्याच्या अटीवर तो मान्य केला. तिथे हिंडणे हेच पुरेसे कारण आहे. आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी थांबवले आणि १६ ऑक्टोबरला नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह पुन्हा सुरू होऊ दिले. गाभ्याच्या वीस टक्क्यांपर्यंत पर्यटनाला मुभा राहिली. त्या पावणेतीन महिन्यांत जी चर्चा झाली ती हॉटेलांच्या तोट्याची आणि वाघांच्या शांततेची. गाभ्यातून ज्यांची गावे उठवली, त्यांना आपल्या जुन्या गावठाणावरच्या देवाला जाण्यासाठी या वीस टक्क्यांत वाट आहे का, असा प्रश्न त्या गदारोळात मला तरी ऐकू आला नाही.

इतके झाल्यावर माझ्यावर एक जबाबदारी येते. रहिवासी रानात आनंदासाठी जातो, असे मी म्हणतो तर तो कोठे जातो ते सांगायला हवे. त्यासाठी दिवाळीपेक्षा योग्य काळ नाही. पुस्तकी पंचांगातली वसुबारस आमच्या आणि डांगाच्या पट्ट्यात वाघबारस आहे; गुरे राखणारे त्या दिवशी वाघदेवाला पुजतात. आणि धनत्रयोदशीला तळोद्याहून अस्तंभ्याची यात्रा निघते. अस्तंभा हे अक्राणीतले शिखर, उंची १३२५ मीटर. कपाळावर न भरणारी जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामा या डोंगरात आहे अशी श्रद्धा आहे. सातपुड्यातली आणि पठारावरची हजारो माणसे, त्यांत तरुण पोरे फार, रात्रीच्या वाटेने चढत जातात. या यात्रेत नवस आहे, देव आहे. पण थट्टा आहे, गाणी आहेत, घराबाहेर रात्र काढण्याची मजा आहे, उंचावर उभे राहून खाली पाहण्याची हौस आहे. टोपली घेऊन कोणी चढत नाही. ज्याला इंग्रजी शिकलेली माणसे ट्रेकिंग म्हणतात त्यातले सगळे यात आहे, फक्त बूट तसले नसतात.

डोंगऱ्यादेव तर याहून बोलका. मार्गशीर्षात कोकणी आणि भिल्ल गावांतली माणसे व्रत धरतात, पावरीच्या सुरावर रात्री नाचतात आणि शेवटी डोंगरातल्या आपल्या गडावर, कड्यातल्या देवाला जातात. व्रताचे नियम कडक असतात. जंगलात प्रवेश कोणी, कधी, कोणत्या तयारीने करायचा याची ही एक पूर्ण व्यवस्था आहे: महिना ठरलेला, वाट ठरलेली, वागणूक ठरलेली. वनखाते जिला 'वहनक्षमता' म्हणते तिच्या जवळ जाणारे काहीतरी त्यात आहे, आणि ते आनंद वजा न करता आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी डोंगऱ्यादेवावर लिहिले, पण विधी म्हणून. भटकंती म्हणून कोणी वाचले नाही. कारण आदिवासी जे करतो तो विधी आणि आपण जे करतो तो छंद, ही विभागणी आपल्याला सोयीची आहे.

यात्रा आहे म्हणजे रानाला इजा नाही, असले मात्र मी म्हणणार नाही. अस्तंभ्याच्या वाटेवर आता प्लास्टिकच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या पडतात. कोरड्या गवतात एक विडी पुरते. २०२५ च्या धनत्रयोदशीला चांदसैली घाटात यात्रेकरूंची गाडी दरीत कोसळून माणसे दगावली. पायी चालण्याची यात्रा चाकांवर आली की तिचे आकारमान बदलते आणि धोकेही. तोरणमाळला यशवंत तलावाकाठी सुट्टीच्या दिवशी जे दिसते ते महाबळेश्वरच्या वाटेवरचेच आहे. परंपरा म्हटली की गर्दी मोजायची नाही, हा युक्तिवाद मला मान्य नाही; शंभर माणसांची श्रद्धा आणि लाखभर माणसांची श्रद्धा रानाच्या दृष्टीने एक नसते. भंडारदऱ्याच्या काजव्याला पुणेकराच्या दिव्याचा त्रास होतो तर सातपुड्यातल्या रानडुकराला तळोदेकराच्या फटाक्याचाही होतो.

मग मर्यादा कोणी घालायची? याचे उत्तर मला एका पुस्तकात सापडते. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' हे २०१२ चे पुस्तक मराठी वनलेखनाच्या परंपरेत क्वचितच मोजले जाते. ते वैचारिक किंवा सामाजिक लेखन म्हणून वेगळ्या कपाटात ठेवतात. मला ते वनलेखनातले वळण वाटते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि ते गाव ठराव कसे करते, कोणाला आत येऊ देते, कशाला नाही म्हणते, हे बोकील शांतपणे सांगतात. या पुस्तकात बाहेरून आलेला लेखक पाहुणा आहे, आणि त्याच्यासमोर यजमान आहे. वाटाड्या, हाकाऱ्या, जाणकार, मामा या सगळ्या भूमिकांतून गेलेला रहिवासी इथे दार उघडणारा आणि लावणारा म्हणून भेटतो. चंद्रपुरातल्या पाचगावनेही आपल्या जंगलात तेंदूपाने तोडणे बंद केले, कारण त्यासाठी होणारी छाटणी आणि लावली जाणारी आग त्यांना नको होती. हाती येणारे पैसे सोडून जंगल राखणारा हा निर्णय कोणा साहेबाने घेतला नव्हता.

बोकिलांच्या पुस्तकावर माझा एक आक्षेप आहे. निर्णयप्रक्रियेत ते इतके गुंततात की मेंढ्याची माणसे रानात काय मजा करतात ते कळत नाही. सभेबाहेरचा गोंड त्यात अंधुक आहे. माडगूळकरांकडे विहार आहे पण यजमान नाही. बोकिलांकडे यजमान आहे पण विहार नाही. हे दोन्ही एकत्र येईल असे पुस्तक कोण लिहील, तर मला वाटते पावरी, मावची किंवा कोकणी घरात वाढलेला आणि मराठीत लिहिणारा कोणीतरी. पण त्याने 'आमची संस्कृती' समजावून सांगण्याच्या ओझ्याखाली लिहू नये, ही विनंती. त्याने अस्तंभ्याच्या वाटेवर पाय कसे दुखले, कोणी कोणाची टोपी पळवली, पहाटे वरून काय दिसले ते लिहावे.

वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाकडे या संदर्भात मी मराठी वाचकाचे लक्ष वेधतो. सामूहिक वनसंपत्तीत कोणी कसे यावे याचे नियमन करण्याचे आणि वन्यप्राणी, वन व जैवविविधता यांना बाधक ठरेल ते थांबवण्याचे ग्रामसभेचे निर्णय पाळले जावेत, असे ते सांगते. म्हणजे फाटकाची किल्ली कागदोपत्री तरी गावाकडे देता येते. नवापूर, अक्राणी, अक्कलकुवा हे सारे अनुसूचित क्षेत्र आहे; १९९६ चा पेसा कायदाही इथे लागू आहे. तोरणमाळला किती गाड्या वर येऊ द्याव्यात, अस्तंभ्याच्या रात्री फटाके चालतील का, बाहेरच्या ट्रेकिंग मंडळींनी कोणत्या महिन्यात येऊ नये, डोंगऱ्यादेवाच्या गडावर कॅमेरा न्यावा की नाही, असे ठराव ग्रामसभांच्या वहीत येऊ शकतात. काही गावांत तसे बोलणे सुरूही आहे. ते ठराव ग्रामसेवकाच्या छापील मराठीत उतरतात की बोलणाऱ्याच्या मराठीत, त्यात 'फिरणे' हा शब्द कोणासाठी वापरला जातो आणि 'जाणे' कोणासाठी, हे पाहायला मला त्या वह्या वाचायच्या आहेत. पुढच्या टप्प्यात नवापूर तालुक्यातल्या ग्रामसभांकडून परवानगी मिळेल तेवढ्या वह्यांपासून हे काम सुरू करण्याचा विचार आहे.